दंड कंपनीला, पैसे तिजोरीत, नुकसान आपलं

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतो. तुमचं म्हणणं असं: डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला, त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, तरी मी त्याला 'ग्राहकासाठी पोकळ' म्हणतो, हा रडीचा डाव. शिवाय ज्याला लपवायचं काही नाही त्याने घाबरायचं कशाला?

दुसरा मुद्दा आधी उरकतो. तुम्ही टोपणनावाने लिहिलंय. खुशाल लिहा, तो तुमचा हक्कच आहे. २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनी एकमताने खाजगीपणाला मूलभूत हक्क म्हटलं ते तुमच्यामाझ्यासाठीच.

आता दंडाचं. २५० कोटी हा आकडा भारदस्त खरा. पण तो पैसा जातो कुठे? कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत. ज्याचं पॅन, पत्ता, तपासण्यांचे अहवाल बाजारात गेले, त्याच्या हाती छदामही नाही. उलट खोटी किंवा फालतू तक्रार केली असं ठरलं, तर त्यालाच १० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

'हे आधीपासून असंच होतं' असं तुम्ही लिहिलंय, ते मात्र चूक आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ४३अ आहे. संवेदनशील माहिती सांभाळण्यात कंपनीने हयगय केली आणि तुमचं नुकसान झालं, तर तिने भरपाई द्यायची. ५ कोटींपर्यंतच्या दाव्यासाठी कोर्टाची पायरी चढायची गरज नाही; राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव न्यायनिर्णय अधिकारी म्हणून ऐकतात. आपल्या मंत्रालयातलंच उदाहरण घ्या. पुण्यातल्या एका कंपनीच्या खात्यातून फिशिंगने, म्हणजे फसव्या मेलमधून माहिती काढून घेऊन, ८० लाख गेले. त्या मेलला उत्तर देण्याची चूक तक्रारदाराकडूनच झाली होती. तरीही बँकेची सुरक्षा तोकडी ठरवून २०१३ मध्ये तिला ४५ लाख द्यायला सांगितलं गेलं. 'ग्राहकाचीच चूक' म्हणत हात झटकता आले नाहीत.

नवा कायदा हे कलमच काढून टाकतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण ही वगळणूक १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होईल. डेटा संरक्षण कायद्याचा पहिला मसुदा करणाऱ्या न्या. श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात भरपाईची तरतूद होती, २०१९ च्या विधेयकातही होती. २०२३ मध्ये ती गळाली. युरोपच्या जीडीपीआर या डेटा संरक्षण कायद्यात कलम ८२ त्यासाठीच आहे, तेव्हा मी काही जगावेगळं मागत नाहीये.

दिवाणी कोर्टात जाता येईल, असंही तुम्ही सुचवलंत. नव्या कायद्याखाली तक्रारी ऐकून दंड करणाऱ्या डेटा संरक्षण मंडळाच्या अखत्यारीतल्या बाबींत दिवाणी न्यायालयाला अधिकार नाही, असं कलम ३९ सांगतं. ग्राहक आयोगाचा रस्ता उरतो, कारण इतर कायदे चालू राहतील असं कलम ३८ म्हणतं. पण मंडळ असताना इथे कशाला आलात, हा युक्तिवाद कंपन्यांचे वकील करणारच.

कंपन्यांना जरब बसेल हे तुमचं म्हणणं मान्य आहे, आणि ते लहान नाही. माझी तक्रार जरबेबद्दल नव्हतीच. तुमच्या ओळखीत कुणाची माहिती फुटून पैसे गेले असतील, तर कागद गोळा करून ४३अ खाली अर्ज आत्ताच करायला सांगा. मे २०२७ ची वाट पाहू नका.