वाडा राहता ठेवायचा असेल तर

वाडा विकायचा नसेल तर निदान खांब तरी द्या, असं सांगणारे लोक वाईत आमच्या दारात आजही येतात. खांब, महिरपी, दिंडी दरवाजा, माळवदाच्या तुळया, प्रत्येकाचा भाव त्यांना तोंडपाठ असतो. हॉटेलांना, फार्महाउसना हे सगळं हवं असतं. त्या माणसांवर माझा राग नाही. पडलेल्या वाड्याचं लाकूड बंबात जाण्यापेक्षा कुठेतरी उभं राहिलेलं केव्हाही बरं. पण नांदत्या घरातून खांब काढून नेणं मला मुळीच पटत नाही.

आपल्या वाड्यांचा सगळा भार लाकडी सांगाडा पेलतो. खाली काळ्या दगडाचं जोतं, त्यावर दगडी तळखडे, तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, म्हणजे बारीक आडवी लाकडं, आणि कड्यांवर पाट, म्हणजे फळ्या. भिंतीतल्या विटा बऱ्याचदा नुसत्या मातीत रचलेल्या असतात. म्हणून एक भिंत ढासळली तरी वाडा उभा राहतो, आणि एक खांब काढला तर वरचा मजला बसतो. शोभेची वस्तू म्हणून विकला जाणारा खांब मुळात कामाचा माणूस आहे.

सांगाड्यात सगळ्यात आधी कुजतं ते तुळईचं भिंतीत गेलेलं टोक. कौल सरकतं, पाणी भिंतीत उतरतं आणि तिथेच मुरतं. बाहेरून तुळई धडधाकट दिसते, सुताराने पटाशी लावली की आत भुसा. अशा वेळी अख्खी तुळई बदलायची गरज नसते. कुजलेला भाग कापून, मुरलेल्या जुन्या सागाचा तुकडा खाच पाडून सांधता येतो. हे काम येणारा सुतार आम्हाला शेजारच्या गावात मिळाला. त्याच्या मुलाला प्लायवूडचंच काम येतं, आणि त्यात त्या मुलाचा काही दोष नाही. खाच पाडायला त्याला कोणी बोलावलंच नाही.

आता सिमेंटबद्दल. जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका, ही विनंती मी हात जोडून करते. चुनखडी भट्टीत साधारण 900 अंशांना भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवायचा, मुरवायचा, वाळू घालून मळायचा. भिंतीवर लागला की तोच वायू हवेतून परत घेत तो सावकाश पुन्हा दगड होत जातो. पूर्वी त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी घालत. हा गिलावा मऊ असतो, त्यातून ओल बाहेर पडते. माती-विटांची भिंत जोत्यातून थोडी ओल ओढणारच, तिला सुकायला वाट हवी. सिमेंटचा थर ती वाट अडवतो. मग ओल वर चढते, क्षार फुलतात, पोपडे धरतात आणि तुळयांची टोकं कुजू लागतात. लोक म्हणतात, भिंतच जुनी झाली, पाडू या. भिंत चांगली असते हो, तिचा श्वास कोंडलेला असतो. चुन्याचं काम वेळखाऊ आहे, गवंडी कुरकुरतात, पावसाळ्यात ते करता येत नाही. तरीही दुसरा इलाज नाही.

घरातल्या सामानाचंही असंच. आमच्याकडे शिसवी छपरी पलंग आहे, भिंतीतली फडताळं आहेत, माजघरात पितळी कड्यांचा झोपाळा आहे, वेताची आरामखुर्ची आहे. एका पॉलिशवाल्याने पलंग मशीनने घासून चकचकीत करून देतो असं सांगितलं होतं. सासूबाई ठामपणे नको म्हणाल्या, आणि किती बरं झालं! जुन्या पलंगावर बहुधा स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचं, म्हणजे चपड्याचं पॉलिश असतं. ते कुठे उडालं तर तेवढ्याच जागी स्पिरिट आणि नवा चपडा लावला की जुन्यात नवं मिसळून जातं. मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) या नव्या पॉलिशना ओरखडा पडला की बहुतेक वेळा सगळा थर घासूनच काढावा लागतो, आणि दर घासण्याबरोबर कोरीव कामाच्या कडा बोथट होतात. हात लागून लागून पलंगाच्या खुराला जो काळसर गुळगुळीतपणा आलाय, तो एकदा घासून गेला की कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात मी दर वेळी अडकित्त्यांपाशी आणि दिव्यांपाशी रेंगाळते. दिनकर केळकरांनी आयुष्यभर दारोदार फिरून घरगुती वस्तू जमवल्या आणि 1975 साली तो सगळा संग्रह राज्य सरकारच्या हवाली केला. केवढे उपकार आहेत त्यांचे आपल्यावर! पण ज्याच्या घरात फडताळ अजून शाबूत आहे, त्याने त्यात लोणच्याच्या बरण्या ठेवाव्यात. रोज उघडझाप होणाऱ्या फडताळाला वाळवी लागली तर आठवड्याभरात कळतं. बंद खोलीत कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

आणि हो, राहायचं म्हणजे आजच्या माणसासारखं राहायचं. आम्ही जुन्या कापडी वेष्टणाच्या विजेच्या तारा सगळ्या काढून टाकल्या, कारण लाकडी घरात त्या म्हणजे आगीला आमंत्रण. संडास-बाथरूम घरातच घेतलं, मात्र मागच्या पडवीत, म्हणजे पाण्याचे नळ सांगाड्यापासून लांब राहिले. गुडघे दुखणाऱ्या सासऱ्यांना अंधाऱ्या जिन्यावरून उतरवत राहण्यात कसली आलीय परंपरा? जिन्याला कठडा लावला, दिवा लावला. वाड्याचं काहीही बिघडलं नाही.

वाडे पडतात त्याला केवळ मालकांची अनास्था कारण आहे, हेही मला मान्य नाही. 1947 च्या भाडे कायद्याने बहुतेक जुन्या घरांचं भाडं 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधून टाकलं. 1999 च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली, पण मूळ आकडाच इतका लहान की त्यातून कौलं शेकारण्याची मजुरीसुद्धा सुटत नाही. भाडेकरूंनाही दुसरीकडे परवडत नव्हतं. त्यात प्रॉपर्टी कार्डावर चुलत-मावस धरून नावांची रांग. कुणी अमेरिकेत, कुणी नाशकात. दुरुस्तीला कुणाची हरकत नसते, खर्चाला मात्र कुणी तयार नसतं. सरकारने राहत्या जुन्या घरांच्या दुरुस्तीसाठी कमी व्याजाचं कर्ज द्यावं आणि चुन्याचं, लाकूडकामाचं शिक्षण आयटीआयमध्ये आणावं, असं मला मनापासून वाटतं. वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा बघायला लोक लांबून येतात, ते चांगलंच आहे. त्याच रस्त्यावरच्या साध्या घरांनाही कौलं लागतात.

आमच्या मागच्या सोप्याचं, म्हणजे ओसरीचं, काम दिवाळीनंतर काढायचं आहे. वाई-सातारा भागात चुना मळणारा गवंडी किंवा खुर्चीला वेत विणणारं कुणी माहीत असेल तर कृपया कळवा. मजुरी ते म्हणतील ती, आणि दुपारचं जेवण आमच्याकडे.