पडद्यावर यायचंय? आधी नीट गरीब व्हा

मिळकत बेताची आहे आणि तरीही टीव्हीवर झळकायची हौस आहे? निराश होऊ नका. जागा आहेत. फार नाहीत, पण आहेत: पीडित, विनोदी नोकर, गुन्हेगार आणि जिद्दीचा पुतळा. यांतली एक धरा आणि तिलाच चिकटून राहा. सकाळी कामाला जाणारा, संध्याकाळी मुलांवर खेकसणारा, राजकारणावर ठाम मतं असणारा माणूस म्हणून गेलात तर दारातूनच परत पाठवतील.

पीडिताची जागा सगळ्यात लवकर मिळते. कॅमेरा आला की चेहऱ्याची चिंता करू नका, तो आधी तुमच्या टाचांवर जाईल. भेगा असल्या तर उत्तमच. मग हात, मग रिकामं भांडं, मग दारात उभं असलेलं लेकरू. लेकराचं नाक पुसून ठेवू नका, शॉट पुन्हा घ्यावा लागतो. "तुम्हाला कसं वाटतंय?" असं विचारतील. रडा. "मजुरी थकलीय, ठेकेदाराचं नाव अमुक" असलं काही चुकूनही बोलू नका; मागे बासरी लावायची असते, तिचा सूर बिघडतो. शांतो अय्यंगार या अभ्यासकाने अमेरिकी प्रेक्षकांवर प्रयोग करून १९९१ साली मांडलं, की गरिबी एकेका माणसाच्या कहाणीतून दाखवली की प्रेक्षक त्या माणसालाच जबाबदार धरतात. व्यापक परिस्थिती दाखवली तर सरकारला आणि समाजाला. थोडक्यात, तुम्ही जितकं छान रडाल तितकी चूक तुमची.

संपावर जाणार असाल तर आवाजाचा बंदोबस्त आधी करा. ग्लासगो विद्यापीठाच्या अभ्यासगटाने १९७० च्या दशकात ब्रिटिश टीव्हीवरच्या बातम्या बारकाईने तपासल्या. साहेब बोलणार ऑफिसच्या शांततेत, कामगार बोलणार फाटकाबाहेरच्या गोंगाटात. मग साहेब समंजस वाटले आणि तुम्ही आडमुठे, तर त्यात वाहिनीचा काय दोष? पगार किती मिळतो हे कोणी विचारलं नाही म्हणून रुसू नका. खोळंबलेले प्रवासी बाईट फार छान देतात हो.

बुडायचीच वेळ आली तर निदान तिकीट महागाचं काढा. १४ जून २०२३ रोजी ग्रीसच्या पायलोसजवळ स्थलांतरितांची बोट बुडाली. बोटीवर शेकडो माणसं होती, वाचली १०४. चारच दिवसांनी टायटॅनिकचे अवशेष बघायला निघालेली टायटन पाणबुडी बेपत्ता झाली. आत पाच जण, तिकीट माणशी अडीच लाख डॉलर. मग जगभरच्या वाहिन्यांवर उरलेल्या ऑक्सिजनचे तास मोजले जाऊ लागले, तज्ज्ञ आले, पाणबुडीच्या आतल्या आकृत्या आल्या, पाचही जणांची नावं, वयं, छंद जगाला पाठ झाले. बोटीवरच्या एकाचं तरी नाव आठवतंय का बघा. नाही ना? चुकून एक शून्य कमी असलेलं तिकीट काढलं होतं त्यांनी. एक नाही, दोन असतील.

श्रीमंतांचं बघून साधेपणाच्या वाटेला जाऊ नका. अब्जाधीश जुनी गाडी चालवतो ही बातमी असते. तुम्ही जुनी गाडी चालवता, ती फक्त जुनी गाडी.

मालिकेतल्या 'मध्यमवर्गीय' घराशीही आपल्या घराची तुलना करत बसू नका. तिथल्या दिवाणखान्यात तुमचं घर सामानासकट मावेल, वर गोल जिनाही उरेल. घरात कोणी कामावर जाताना दिसत नाही आणि महिनाअखेर कधी येतच नाही. हप्ते कोण भरतं, हे लेखकालाही माहीत नसावं.

आता तुम्ही म्हणाल, आमच्यासारखी माणसं दाखवा, लोक बघतील. बघतील हो, पण कोण बघतील? अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीने १९७०-७१ च्या सुमारास गावाकडच्या माणसांच्या मालिका एकापाठोपाठ एक बंद केल्या. त्यांतल्या काही चांगल्या जोरात चालू होत्या. पंचाईत एवढीच, की बघणारे वयस्क आणि खेड्यातले होते, आणि जाहिरातदारांना हवे होते शहरी, तरुण, खर्चाला मोकळा हात असलेले. तेव्हा कार्यक्रमात यायचं असेल तर आधी मधल्या जाहिरातींतलं काहीतरी विकत घ्या. हप्त्याने घेतलंत तरी चालेल.