३०२ बँकांची गोष्ट आणि देवगडची कलमे

गेल्या महिन्यात देवगडच्या माझ्या पुतण्याने मोबाइलवर एक मजकूर पाठवला. वॉल्ट डिस्ने यांना डिस्नेलँडसाठी ३०२ बँकांनी कर्ज नाकारले, तरी ते ३०३व्या बँकेच्या दारात उभे राहिले. मिकी माउस त्यांनी एकट्याने घडवला. डिस्नेलँडखाली बोगद्यांचे शहर आहे आणि तिथेच त्यांचा देह गोठवून ठेवला आहे, असे त्यात म्हटले आहे. त्याखाली पुतण्याने लिहिले होते, “काका, मला तर अजून दोनच बँकांनी नाही म्हटले आहे.” मुलांसाठी खेळांची बाग उभारण्याकरिता हापूसच्या वडिलोपार्जित कलमांचा सातबारा घेऊन तो आता एका खासगी सावकाराकडे जाऊन आला आहे, म्हणून हा मजकूर दुर्लक्षून चालणार नाही.

त्या ३०२ बँका कोणत्या आणि नकार कोणत्या वर्षीचे, याचा मजकुरात एका शब्दानेही उल्लेख नाही. करमणुकीच्या बागेला पैसे द्यायला बँकवाले बिचकत होते आणि वॉल्ट यांनी स्वतःच्या आयुर्विम्यावर कर्ज काढले होते, एवढे खरे आहे. पण डिस्नेलँड उभे राहिले ते दारोदार फिरून नव्हे. १९५४ साली एबीसी या दूरचित्रवाणी कंपनीशी झालेल्या करारात सगळा उलगडा आहे: एबीसीने ५ लाख डॉलर गुंतवले, ४५ लाख डॉलरपर्यंतच्या कर्जाला हमी दिली आणि त्याच्या बदल्यात बागेत सुमारे एक तृतीयांश हिस्सा व डिस्ने यांचा साप्ताहिक कार्यक्रम मिळवला. म्हणजे वॉल्ट यांच्याकडे विकण्याजोगी तयार वस्तू होती आणि तिची गरज असलेला ग्राहक समोर होता. त्याही आधी, १९५३ साली, स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या हॅरिसन प्राइस यांच्याकडून जागेचा अभ्यास करून घेतला होता. लोकवस्ती कोणत्या दिशेला वाढते आहे, महामार्ग कुठून जातो, हवामान कसे आहे, हे तपासल्यावरच कॅलिफोर्नियातील अनाहाइम गावाच्या संत्र्याच्या बागा निवडल्या गेल्या. पुतण्याला बँकेने विचारलेले प्रश्न याच जातीचे होते: पावसाळ्याचे चार महिने उत्पन्न कुठून येणार, पाणी कुठले, पर्यटकांची गाडी कुठे थांबणार? त्या प्रश्नांना अपमान मानायला हा मजकूर शिकवतो, आणि तेच मला सर्वांत घातक वाटते.

बाकीच्या गोष्टींना फार शब्द नकोत. वॉल्ट १५ डिसेंबर १९६६ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले, दोन दिवसांनी त्यांच्यावर दहनसंस्कार झाले आणि अस्थी ग्लेन्डेलच्या फॉरेस्ट लॉन स्मशानभूमीत आहेत. मिकीचे रूप रेखाटण्यात आणि सुरुवातीच्या चित्रपटांचे चलचित्रण करण्यात अब आयवर्क्स यांचा वाटा इतका मोठा आहे की त्यांचे नाव गाळणे हा अन्याय आहे. बोगद्यांची गोष्ट अर्धी खरी आहे, पण ती कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडची नाही, फ्लोरिडात १९७१ साली उघडलेल्या मॅजिक किंगडमची आहे. तिथेही खोल खणता आले नाही, कारण पाणी फार वर लागते. वाटा जमिनीच्या पातळीवर बांधल्या, त्यांच्याभोवती तलावातून काढलेली माती भरली आणि बाग वरच्या मजल्यावर उभी केली. खाडीकाठी विहीर खणलेल्या माणसाला हे लगेच कळेल.

वॉल्ट यांचे दिवाळे निघाले होते, हेही नाकारता येत नाही: कॅन्सस सिटीतील त्यांची लाफ-ओ-ग्राम ही कंपनी १९२३ साली बुडाली. त्यानंतर हॉलिवूडला गेल्यावर हिशेब सांभाळायला थोरले भाऊ रॉय सोबत होते आणि काका रॉबर्ट यांनी ५०० डॉलर उसने दिले होते. माझ्या पुतण्याने सावकाराकडून सातबारा परत आणला, तर आपल्या ऐपतीप्रमाणे उसनवारी करायला मीही तयार आहे. मात्र त्याच्या जागेसमोरून मे महिन्यात किती गाड्या जातात आणि आषाढात किती, हे त्याने आधी वहीत मोजून आणावे.