पेटी आली, शिकवणार कोण?

काल रात्रीपासून डोकं तापलंय, लिहिल्याशिवाय थंड होणार नाही. मुलगा सातवीत, इथंच गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या शाळेत. प्रोजेक्टला दिपाजी राणेंवर दोन पानं लिहायची होती. पोरानं बापाचा मोबाईल घेतला, एआयला विचारलं, आलं ते सुवाच्य अक्षरात वहीत उतरवलं. काय उतरवलंय तर दिपाजी राणे म्हणे शिवाजी महाराजांच्या आरमारातले सरदार! अरे दिपाजी राण्यांचं बंड १८५२ चं, पोर्तुगिजांविरुद्धचं, महाराज १६८० ला गेले, आणि त्या बंडात राण्यांनी घेतलेला नाणूसचा किल्ला आमच्या घरापासून स्कूटरनं दहा मिनिटांवर आहे!! खाली लाल शाईत दहापैकी नऊ आणि शेरा, 'छान माहिती'.

मला टीचरवर नाही चिडायचं. त्या बाई तीन विषय शिकवतात, वर मतदार यादीचं काम, माध्यान्ह आहाराचा हिशोब, रोजचे फॉर्म. एआयचं ट्रेनिंग म्हणून त्यांना मिळालं काय तर एक दिवस ऑनलाईन, त्यातही पाऊस होता, लाईट गेली, रेंज गेली, सर्टिफिकेट मात्र सगळ्यांना आलं. वह्या तपासायला त्यांना वेळ कधी मिळणार सांगा.

पैसा नाही असं कुणी म्हणू नका. २०२५ च्या केंद्रीय बजेटमध्ये शिक्षणासाठीच्या एआय सेंटरला ५०० कोटी ठेवले, इंडियाएआय मिशन १० हजार कोटींच्या वर, आणि २०२६-२७ पासून तिसरीपासूनच एआय शिकवणार असं केंद्रानं जाहीर केलं. तिसरीपासून! आमच्याकडं गावातल्या कितीतरी सरकारी प्राथमिक शाळांत एकच टीचर पहिली ते चौथी सांभाळते, एका फळ्याचे दोन भाग करून. ती आजारी पडली तर शाळेला कुलूप. तिथं तिसरीला एआय कोण शिकवणार आहे, ते आधी सांगा ना.

गोव्यात सहावी ते आठवीला कोडिंग-रोबोटिक्सची योजना आली तेव्हा मी खूश झाले होते, खोटं कशाला बोलू. पण आमच्या शाळेत किटची पेटी कपाटात, कपाटाची चावी ऑफिसात, आणि पोरांना ती दाखवतात पाहुणे आले की. मुलगा म्हणाला, आई, मोटर लावायची होती पण सर म्हणाले हरवेल. मागच्या पावसात लॅबच्या भिंतीला ओल आली, दोन कॉम्प्युटर तेव्हापासून प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेत, दुरुस्तीला पैसे नाहीत म्हणे. नवीन घ्यायला येतात आणि दुरुस्तीला नाहीत, हे कसलं गणित?

आणि जे खरं शिकवायचं त्याला पेटी लागतच नाही हो. हे मशीन वाचलेल्या मजकुरावरून पुढचा शब्द कुठला येईल याचा अंदाज बांधत जातं, सत्तरीवर मराठीत फारसं लिहिलेलंच नाही, मग जिथं माहिती नाही तिथंही तितक्याच ठामपणे ठोकून देतं, एवढं फळ्यावर खडूनं सांगता येतं. उत्तर आलं की पुस्तकाशी ताडून बघ, गावातल्या म्हाताऱ्यांना विचार, नाणूसला जाऊन ये. पण त्यासाठी शिकलेला माणूस लागतो, त्याच्याकडं आठवड्याला दोन तास लागतात, त्याचा पगार महिन्याच्या महिन्याला लागतो, वर्षाच्या कॉन्ट्रॅक्टवर नाही. नेमकं त्यालाच पैसे नसतात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दक्षिण गोव्यातल्या नेत्रावळीकडची पोरं रेंजसाठी डोंगर चढत होती, पेपरात फोटो आले होते, आणि आज आमच्या वर्गात अर्ध्या पोरांच्या घरी मोबाईल एकच, तोही बाप कामावर घेऊन जातो. या पोरांना एआय फक्त बॅनरवर दिसणार.

शनिवारी पालक-शिक्षक संघाची मीटिंग आहे. वही घेऊन जाणार आहे, ते पान उघडून टेबलावर ठेवणार आणि कपाटाची चावी मागणार. बाकीच्या आयांनीही या, एकटीचं कुणी ऐकत नाही.