ग्रीन टीची कॅप्सूल आणि दोन ग्रॅम चरबी

पहाटे पळणाऱ्या आणि सायकलवाल्या मंडळींत सध्या ग्रीन टी एक्स्ट्रॅक्टच्या कॅप्सूलची भलतीच चलती आहे. रंकाळ्यावर असो नाहीतर विद्यापीठाच्या रस्त्यावर, कुणाच्या तरी खिशातनं डबी निघतेच. "काका, पळायच्या आधी एक टाका, चरबी डायरेक्ट जळत्या बघा," असं परवा एका पोरानं मला अगदी मायेनं सांगितलं. पोरगं गुणी आहे, पळतंयही झकास. पण डबीची किंमत ऐकली आणि म्हटलं, यावर लिहायलाच पाहिजे.

आधी एक कबूल करतो. हा दावा अगदीच हवेतला नाही. 2008 साली इंग्लंडातल्या बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी 12 निरोगी पुरुषांना अर्धा तास मध्यम जोरानं सायकल मारायला लावली. एकदा हा अर्क देऊन, एकदा नुसत्या पोकळ, म्हणजे अर्क नसलेल्या गोळ्या देऊन. अर्क घेतल्यावर मिनिटाला जळणारी चरबी 0.35 ग्रॅमवरनं 0.41 ग्रॅमवर गेली. म्हणजे 17 टक्के जास्त. आकडा ऐकायला भारी वाटतो.

आता कागद-पेन्सिल घ्या. फरक मिनिटाला 0.06 ग्रॅमचा. अर्ध्या तासात 1.8 ग्रॅम, धरा दोन ग्रॅम. मिसळीच्या तर्रीतलं अर्धा चमचासुद्धा तेल नव्हे हे! कॅलरीत सांगायचं तर सोळा-सतरा. टपरीवरच्या चहात दोन चमचे साखर असते, तिच्या चाळीसेक कॅलरी होतात. एक कप गोड चहा सोडला तरी कॅप्सूलच्या दुप्पट काम फुकटात झालं.

आणि गंमत पुढंच आहे. 2013 साली त्याच विद्यापीठातनं आणखी एक अभ्यास आला. व्यायाम करणाऱ्या पुरुषांना एक दिवस आणि सलग सात दिवस अर्क देऊन बघितला, तर व्यायामात चरबी जळण्यात काहीच फरक नाही. 17 टक्क्यांची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, ही कुणी सांगत नाही. विकणारा तर कशाला सांगेल?

तर्क कुठला, तेही सांगतो. ग्रीन टीत ईजीसीजी नावाचं द्रव्य असतं. नॉरअ‍ॅड्रेनालिन नावाचं हार्मोन मोडणाऱ्या एका एन्झाइमला ते अडवतं, असं प्रयोगशाळेत दिसलंय. नॉरअ‍ॅड्रेनालिन जास्त वेळ टिकलं की चरबीच्या पेशींना 'माल सोडा' हा निरोप जास्त वेळ मिळणार, असं गणित. पण गिळलेल्या ईजीसीजीतलं रक्तापर्यंत फार थोडं पोचतं. शिवाय बऱ्याच अर्कांत कॅफीन असतं. लांब पल्ल्याच्या व्यायामात कॅफीनचा उपयोग होतो हे चांगलं सिद्ध झालंय, पण ते साध्या कॉफीतही मिळतं की.

लांब पल्ल्याच्या माणसाला चरबी जास्त जळावी असं वाटणं मात्र चुकीचं नाही. अंगात साठलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, जेमतेम चार-पाचशे ग्रॅम. चरबी सडपातळ माणसातही काही किलो. साखर जितकी वाचेल तितकं लांब जाता येतं. पण हे अंगाला शिकवायचं कसं? शिवाजी पुलावरनं केर्लीकडं बोलत-बोलत सायकल मारता येते ना, त्या वेगाला चरबी भरपूर जळते. वाघबीळ सोडून पन्हाळ्याचा चढ लागला, तोंड उघडलं, बोलणं बंद झालं, की कारभार साखरेच्या हातात. त्या चढावर कुठली कॅप्सूल काय करणार? महिनोन् महिने संथ, लांब सायकल मारली की स्नायूंत मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतल्या इंधन जाळणाऱ्या भट्ट्या, वाढतात आणि त्याच वेगाला चरबी जास्त वापरली जाते. आपली पोरं नेमकं हेच करत नाहीत. रोज शर्यत, रोज स्ट्राव्हावर, म्हणजे पळण्या-सायकलीची नोंद ठेवणाऱ्या अ‍ॅपवर, कुणाला तरी मागं टाकायचं.

बरं, व्यायाम करताना चरबी जळली म्हणजे पोट कमी झालं असंही नाही. दिवसभरात खाल्लं किती आणि खर्च किती, वजन त्यावर ठरतं. सकाळी दोन ग्रॅम जाळून परतताना कटवड्यावर ताव मारलात, तर हिशोब कुठल्या कुठं गेला.

आता काळजीचा भाग, इथं जरा गंभीरपणे वाचा. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं 2018 साली सांगितलंय की पूरक गोळ्यांतनं दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी गेलं तर रक्तात यकृताची एन्झाइम्स वाढू शकतात, म्हणजे यकृताला त्रास सुरू झाल्याची खूण. कपातल्या ग्रीन टीत इतकं नसतं, त्यामुळं चहा पिणाऱ्यांनी घाबरू नये. मीही पितो, बिनसाखरेचा, चव बेताचीच. पण कॅप्सूल उपाशीपोटी घेतली की ईजीसीजी जास्त शोषलं जातं, आणि आपली मंडळी ती नेमकी पहाटे रिकाम्या पोटी टाकतात. डबीवर ईजीसीजी किती मिलिग्रॅम हे लिहिलंच नसेल, तर ती घेऊ नका. घेताना लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी बंद करा आणि डॉक्टर गाठा. "आयुर्वेदिकच हाय की" म्हणत बसू नका.

खाली कमेंटमध्ये "काका, मला तर फरक पडला" असं येणार, मला माहीत आहे. पडलाही असेल. एवढे पैसे घातले की माणूस गजर लावून उठतो, रात्रीचं अरबट-चरबट सोडतो, पळणं चुकवत नाही. मग फरक पडणारच की, भावा.