चिखलात पुरलेली एके-४७ आणि इतर लोणकढी थापा

बंदुकीचा परवाना असलेल्या मंडळींमध्ये सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. त्याचा आशय असा: एके-४७ ला साफसफाई लागतच नाही, वर्षभर चिखलात पुरा, काढा आणि चालवा. अमेरिकेची एम-१६ नाजूक, म्हणून व्हिएतनाममध्ये ती अडकायची. आजची काडतुसं गंज आणत नाहीत, तेव्हा रायफल पुसत बसणं म्हणजे पलटणीतला वेळकाढूपणा. नेमबाजसुद्धा नळी साफ करत नाहीत. अगदीच वाटलं तर खोबरेल चोपडून ठेवा, मग वर्षानुवर्षं बघायला नको.

आधी एके. ती घाण सोसते, हे खरं. हलत्या भागांत मोकळी जागा आहे, पिस्टन वजनदार आहे, काडतूस निमुळतं असल्याने चेंबरमधून, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला ते जिथे बसतं तिथून, पटकन सुटतं आणि नळीला आतून क्रोमचा थर असतो. पण याच रायफलीच्या लाकडी दस्त्यात, मागच्या झडपेआड, साफसफाईच्या सामानाची डबी असते. नळीखाली ती साफ करायचा गज असतो. सोबतच्या तेलाच्या डबीला दोन कप्पे असतात, एक तेलाचा आणि एक साफ करायच्या द्रावणाचा. सफाई लागतच नसती, तर हा संसार प्रत्येक सैनिकाच्या गळ्यात कशाला बांधला असता? सोव्हिएत सैन्याचा नियम होता: गोळीबार संपताच सफाई, पुढचे तीन-चार दिवस रोज पुन्हा सफाई, आणि रायफल नुसती पडून असली तरी आठवड्यातून एकदा.

एम-१६ ची गोष्ट तर दाव्याच्या नेमकी उलट आहे. हिला जवळजवळ देखभाल लागत नाही, असाच समज सैन्यात पसरला होता आणि कित्येक सैनिकांच्या हाती सफाईच्या सामानाशिवायच ती पडली. त्यात काडतुसातली दारू बदलली. नव्या दारूने काजळी जास्त धरायची आणि रायफलीचा गोळ्या झाडण्याचा वेगही वाढायचा. चेंबरला क्रोम नव्हतं, तिथे व्हिएतनामच्या दमट हवेत गंज चढे आणि रिकामी पुंगळी आतच चिकटून बसे. १९६७ साली अमेरिकी संसदेच्या उपसमितीने या प्रकाराबद्दल सैन्याला चांगलंच फैलावर घेतलं. पुढे चेंबरला क्रोम आलं, सफाईचं सामान आलं, आणि १९६८ मध्ये विल आयस्नर या चित्रकथाकाराकडून देखभालीची सचित्र पुस्तिकाही काढून घेतली. म्हणजे ‘साफ करावी लागत नाही’ या थापेची किंमत सैनिकांनी एकदा मोजून झाली आहे.

आता गंजाकडे येऊ, कारण खरा घोळ इथे आहे. जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीत, म्हणजे दारू पेटवणाऱ्या भागात, पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार उडाला की नळीत पोटॅशियम क्लोराइड उरतं. हे मिठाचंच भावंड, हवेतलं पाणी ओढून घेतं. मीठ तेलात विरघळत नाही. त्यामुळे नुसतं तेल फिरवलं तर वरून चकाकी दिसते आणि खाली पोलाद खाल्लं जातं. थ्री-नॉट-थ्रीच्या काळात ब्रिटिश फौजा नळीत उकळतं पाणी ओतायच्या ते याचसाठी: पाण्याने मीठ जातं आणि गरम नळी चटकन सुकते. मग पुलथ्रूला (नळीतून ओढायच्या दोरीला) चिंदी लावून नळी कोरडी करायची आणि शेवटी तेलाचा हात. एनसीसी केलेल्यांना ही चिंदी आठवत असेल. (ठासणीच्या बंदुकीची काळी दारूही पाण्यानेच धुवावी लागते, हे कोकणातल्या जुन्या बंदूकवाल्यांना सांगायला नको.)

नवी काडतुसं हे मीठ सोडत नाहीत, इतकंच. हाताचा घाम, आषाढातली हवा आणि ओल धरणारं कॅनव्हास किंवा चामड्याचं कव्हर यांचं काय? गंजाला गोळीबार लागतोच असं नाही.

नेमबाजांचं म्हणणं अर्धं खरं आहे. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलच्या ज्या प्रकारात कांस्य जिंकलं, त्यात .२२ चं काडतूस असतं. गोळी शिशाची आणि वंगण लावलेली, त्यामुळे नळी फारशी घासावी लागत नाही. काही नेमबाज खरोखरच क्वचित घासतात. पण चेंबरच्या तोंडाशी काजळीचं कडं धरतं, ते काढावंच लागतं आणि चेंबर मागून बंद करणारा बोल्टही पुसावा लागतो. शिवाय हा हिशेब तांब्याचं कवच असलेल्या गोळीला लागू नाही. चुकीच्या घासण्याने नळी बिघडते, हेही मान्य. पुलथ्रूची दोरी तिरकी ओढली तर नळीचं तोंड झिजतं आणि नेम सुटतो. म्हणून जिथे जमतं तिथे गज मागून, चेंबरच्या बाजूने घालायचा.

राहिलं खोबरेल. २४ अंशांच्या खाली ते थिजतं, हे थंडीत बाटली उन्हात ठेवणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. थिजलेलं तेल बोल्टमध्ये आणि टोपीवर आदळणाऱ्या फायरिंग पिनभोवती नको. बंदुकीचं खनिज तेलच वापरावं, तेही पातळ पुसून. जास्त तेल धूळ धरतं. बरेच महिने ठेवायची असेल तर मॅगझिन काढा, चेंबर रिकामं आहे हे डोळ्यांनी बघा आणि बोटानेही चाचपा, मगच सफाईला हात घाला. नंतर कव्हरमध्ये न ठेवता कोरड्या, कुलूपबंद कपाटात सिलिका जेलसोबत ठेवा. पावसाळ्यात मधूनमधून काढून बघा. आणि पुन्हा चालवायच्या आधी नळीतलं नि चेंबरमधलं तेल कोरड्या चिंदीने पुसून टाका. चेंबर तेलकट राहिलं तर पुंगळी भिंतीला धरत नाही आणि सगळा दाब बोल्टवर येतो.