मारुतीच्या कमरेपर्यंत पिंग

"सर, फॉरमॅट मारू का?"

अंबडच्या आमच्या कारखान्यात आयटी सपोर्टला नवीन लागलेल्या पोराचं हे लाडकं वाक्य. प्रिंटर रुसला, फॉरमॅट. माउस अडकला, फॉरमॅट. याला शिकवायचं काम माझ्याकडे आलं, कारण मॅनेजरच्या मते मला 'येतं'. आता येतं म्हणजे नेमकं काय, ते सांगता येत नाही हीच तर पंचाईत. मी अकाउंट्समध्ये जातो, खुर्चीवर बसतो, इकडेतिकडे बघतो आणि मशीन चालू होतं. पोरगं शेजारी उभं राहून वहीत लिहितं, 'सर बसले.'

म्हटलं, बाबा रे, आधी विचारायला शीक. कधीपासून बंद आहे? शेजारच्याचं चालतंय का? मध्ये काय बदललं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असतं : "काहीच नाही." दसऱ्यानंतर स्टोअरमधलं नेट गेलं, तेव्हाही काहीच बदललं नव्हतं. फक्त सीपीयूची यथासांग पूजा झाली होती आणि लॅनच्या खाचेत अक्षता होत्या.

पोराने मनावर घेतलं आणि थेट उलटतपासणीच सुरू केली. अकाउंट्सच्या मॅडमचं मशीन रखडत होतं. "रीस्टार्ट केलं होतं का?" "अरे, मी रोज संध्याकाळी बंद करून जाते." याने टास्क मॅनेजर उघडला. अपटाइम, म्हणजे मशीन सलग किती चालू आहे ते, १८ दिवस! "मॅडम, मशीन खोटं बोलत नाही." मॅडमनी डबा बंद केला आणि मला फोन लावला.

गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत होते. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली आहे. शटडाउन केलं तरी विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच पुन्हा उचलला जातो. सगळं नव्याने सुरू होतं ते रीस्टार्टला. म्हणजे मॅडम रोज घरी जात होत्या, विंडोज मात्र ऑफिसातच मुक्कामाला. हे मी मॅडमना समजावलं. त्या म्हणाल्या, "मग त्या मुलाला माफी मागायला सांगा." हे कुठल्याच मॅन्युअलमध्ये नसतं.

नेटवर्क शिकवताना तर घाम फुटला. ओएसआयचे, म्हणजे नेटवर्कच्या कामाच्या वाटणीचे, सात थर म्हणताच पोराचे डोळे मिटायला लागले. शेवटी गोदाकाठचा दुतोंड्या मारुती धावून आला. पूर आला की नाशिककर 'खूप पाणी आहे' म्हणत नाही, मारुतीच्या कमरेला लागलं की छातीला, ते सांगतो. म्हटलं, पिंग, म्हणजे नेटवर्कवरून मारलेली हाक, तसंच मोजायचं. १२७.०.०.१ ला, म्हणजे आपल्याच मशीनला, हाक मारून उत्तर आलं की घोटा. गेटवेला, म्हणजे ऑफिसातून बाहेर पडायच्या दाराशी, पोचलं की गुडघा. ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेर गूगलच्या सर्व्हरला, पोचलं की छाती. साइटचं नाव घालून पोचलं की गळा. छातीपर्यंत आहे पण गळ्याला नाही, तर नावावरून पत्ता शोधणारं डीएनएस बघ. आयपी, म्हणजे मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता, १६९.२५४ ने सुरू होत असेल तर पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीकडून पत्ताच मिळालेला नाही, मशीनने स्वतःच एक ठोकून दिलाय. मग घोट्याच्या वर काही जाणार नाही, केबल आणि स्विच बघ.

"पण सर, गळ्याशी पाणी आलं की वाईट ना?"

"इथे चांगलं."

त्याने वहीत 'इथे उलटं' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. तेव्हापासून फॉरमॅटचं नाव नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचं निदान आता बऱ्यापैकी अचूक असतं. भाषा तेवढी सुधारायची आहे. परवा धो धो पाऊस चालू असताना प्लांट हेडसाहेबांचं नेट गेलं. याने फोनवरून त्यांना कमांड टाइप करायला लावल्या आणि गंभीर आवाजात सांगितलं, "साहेब, गुडघ्यापर्यंत आहे. छातीपर्यंत येईल, मी बघतो."

साहेबांनी फोन ठेवला आणि गंगापूर धरणातून विसर्ग किती सोडलाय, त्याची चौकशी करायला सिक्युरिटीला पिटाळलं.